पावडर तळाशी बसली नाही

१

मीटरवरचा आकडा हलत नव्हता.

स्वरदानं बीकरमधलं पाणी पुन्हा ढवळलं, इलेक्ट्रोड पुसून पुन्हा बुडवला आणि समोरच्या मंडळींकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. आकडा तिथंच. पाणी ताकासारखं पांढुरकं होऊन राहिलं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

पहिल्या रांगेत डॉ. कौमुदी हिशीकर बसल्या होत्या. रायपूरच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवताना त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि स्वरदा ही त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. धानाचं तूस जाळून त्या राखेतून स्वरदानं एक पांढरी पावडर तयार केली होती. खेड्यातल्या विहिरीचं फ्लोराइडवालं पाणी, ज्यानं पोरांचे दात पिवळे पडतात आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकतात, ही पावडर टाकली की त्यातलं फ्लोराइड, म्हणजे मीटरवरचा आकडा, खाली येऊन ते पिण्याजोगं होत असे. निदान आजवर होत असे. त्यावर पेपर छापून आले होते. प्रबंध जमा करण्याआधीचा हा शेवटचा सेमिनार होता आणि पुण्याच्या एका संस्थेत स्वरदाची जागा या प्रबंधावर अडून होती.

"नुसत्या स्लाइड दाखव," कौमुदीबाई तिला म्हणाल्या होत्या. पण स्वरदानंच हट्ट धरला, "नाही मॅडम, समोर करूनच दाखवते. नागपूरच्या तज्ज्ञांना डोळ्यांनी पाहू द्या."

त्या तज्ज्ञांच्या सोयीसाठी सेमिनार आठवडाभर अलीकडे ओढला होता. त्या धावपळीत सकाळपासून बाईंनी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. प्रोजेक्टर चालेना, हॉलची चावी सापडेना, आणि त्यातच कॉरिडॉरमध्ये त्यांची दुसरी विद्यार्थिनी स्नेहल आडवी आली होती. "मॅडम, दोन मिनिटं..." "आता नाही स्नेहल. सेमिनार झाल्यावर ये." असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या.

नागपूरच्या तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "दुसऱ्या बीकरमध्ये करून पाहा ना," ते सौजन्यानं म्हणाले.

स्वरदानं करून पाहिलं. मग तिसऱ्यामध्ये. तिसऱ्या वेळी निम्मी पावडर टेबलावर सांडली.

विभागप्रमुख डॉ. शालिग्राम वाघाडे उठून उभे राहिले. "चहा घेऊ या," ते म्हणाले. आणि कौमुदीबाईंच्या शेजारून जाताना हळूच पुटपुटले, "मॅडम, जरा माझ्या खोलीत या."

२

वाघाडे सर वाईट माणूस नव्हते. पण दुसऱ्याच्या अडचणीत त्यांचा आवाज फार मऊ होत असे आणि बाईंना नेमका त्याच आवाजाचा संताप येई.

"मी काही आरोप करून नाही राहिलो," ते म्हणाले. "पण तुम्हीच सांगा. इतके पेपर छापले याच्यावर. अन् बाहेरच्या माणसासमोर आकडा एक पॉइंटही खाली नाही येत? लोक काय म्हणतीन? आकडे घरी बसून लिहिले म्हणतीन."

"सर, मी स्वतः तिच्या शेजारी उभं राहून रीडिंग घेतली आहेत."

"घेतली असतीन. सोमवारी मले लेखी द्या काय झालं ते. नाही तर मले प्रकरण चौकशी समितीकडे पाठवावंच लागीन. माझाही नाइलाज आहे."

बाई प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा तिथं कुणी नव्हतं. सेमिनारमधलं बीकर कुणीतरी आणून ओट्यावर ठेवलं होतं. त्या स्टुलावर बसल्या. आजवर त्यांचा एक विद्यार्थी बँकेत लागला म्हणून अर्ध्यातून गेला होता, एक लग्न करून. एकाचं सगळं काम उंदरांनी वायर कुरतडल्यानं भट्टीत जळालं होतं. स्वरदा टिकली होती. आता हीसुद्धा?

समिती बसली तर तज्ज्ञांना दाखवायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी मोबाइल काढला. विज्ञान दिनाच्या वेळी त्यांनी स्वरदाच्या प्रयोगाचा व्हिडिओ घेतला होता. तो लावला. व्हिडिओत स्वरदा पाण्यात पावडर टाकते, ढवळते आणि छत्तीसगडीमिश्रित हिंदीत शाळेच्या पोरांना समजावते. तिचं वाक्य संपायच्या आत पावडर खाली बसलेली असते. वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ.

बाईंनी व्हिडिओ थांबवला आणि ओट्यावरच्या बीकरकडे पाहिलं.

एवढा वेळ होऊन गेला होता, तरी पाणी अजून ताकासारखंच होतं. पावडर तळाशी बसलीच नव्हती.

त्यांनी कपाटातून बाटली काढली. बाटली तीच होती, लेबलावर अक्षरही स्वरदाचंच. आतली पावडर मात्र दुसरी होती.

३

मीटरचा माणूस म्हणजे सुशील. प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. बाईंनी विचारायच्या आधीच तो भडकून बसला होता.

"मॅडम, मीटर बिघडलं म्हणत असाल तर आत्ताच सांगतो, माह्या डोक्यावर खापर नका फोडू. हे पहा." त्यानं फ्लोराइडचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या खात्रीच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवला. आकडा बरोबर आला. दुसऱ्यात बुडवला. तोही बरोबर.

"मीटरचं नाही म्हणत मी सुशील. कपाटाची चाबी कोणाजवळ असते?"

"खणात."

"कोणाच्या?"

"त्या टेबलाच्या. सगळ्याईले माहीत आहे."

"मग कुलूप काहून लावतो रे?"

"ऑडिटवाले इचारतात म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला. चावीवरून काहीच निघणार नव्हतं. विभागातला कुणीही, अगदी वाघाडे सरही, बाटलीपर्यंत पोहोचू शकत होता. सरांचा या प्रयोगशाळेच्या अर्ध्या जागेवर मागची दोन वर्षं डोळा होता, हेही बाईंना आठवलं, आणि आठवून थोडं बरंच वाटलं. पण नुसतं बरं वाटल्यानं काही सिद्ध होत नाही.

मग भार्गव आला. बाईंचा सर्वांत जुना विद्यार्थी. रंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करण्यावर त्याचं काम. त्याच्या मागून येऊन स्वरदा पुढे निघून गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मराठी त्याला पूर्ण कळे, पण उत्तर तो हिंदीतच देई.

"काल संध्याकाळी लॅबमध्ये तू एकटाच होतास ना?"

"मैडम, मुझ पर शक है तो सीधे बोलिए."

"शक सगळ्यांवर आहे."

"मेरा चैप्टर होली से आपकी टेबल पर पड़ा है." भार्गवचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बदला लेना होता तो आपका कुछ चुराता. स्वरदा का क्यों?"

बाईंना आपलं टेबल आठवलं. प्रबंधाचं ते प्रकरण फायलींच्या ढिगात तिसऱ्या की चौथ्या थरात असेल.

"और एक बात," तो जाता जाता म्हणाला. "पाउडर बदलना कौन सी बड़ी बात है? वो सिलिका का ड्रम खुला पड़ा रहता है. एकदम सफेद. दो चम्मच भर दो, किसको पता चलेगा?"

तो गेल्यावर बाई उठल्या. कोपऱ्यात विकत आणलेल्या सिलिकाचा निळा ड्रम होता; तुसाच्या राखेतूनही हीच सिलिका निघते. विभागातला जो तो त्यातूनच घेई. त्यांनी काळ्या कागदावर त्यातली चिमूटभर पावडर ठेवली आणि शेजारी स्वरदाच्या बाटलीतली.

ड्रममधली दुधासारखी पांढरी होती. बाटलीतली किंचित राखाडी, आणि तिच्यात मधेमधे सुईच्या टोकाएवढे काळे कण. बाईंनी भिंग लावून पाहिलं. जळालेल्या तुसाचे कण.

म्हणजे खोटी पावडरसुद्धा धानाच्या तुसाचीच होती. उघड्या ड्रमकडे न जाता चोरानं स्वतःजवळ असलेली पावडर वापरली होती.

आणि तुसापासून पावडर बनवणाऱ्या या सबंध विभागात दोघीच होत्या.

४

स्नेहल अभनपूरची. रोज बसनं ये-जा करायची. तिच्या घराच्या मागेच राइस मिल होती आणि तूस तिथूनच यायचं. स्वरदाचं काम पुढे न्यायचं म्हणून बाईंनी तिला तोच विषय दिला होता. तीच पावडर बनव, मग तिच्यात सुधारणा कर. पण वर्ष उलटलं तरी स्नेहलच्या पावडरीनं फ्लोराइड खेचलं नव्हतं. प्रत्येक बॅच फुकट. आधी बाईंनी समजावलं होतं, मग रागावल्या होत्या. "स्वरदाले जमते, तुले काहून नाही जमत? हात साफ ठेव आधी."

आता ती बाईंसमोर उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"सेमिनारमध्ये काय झालं ते तू पाहिलंस," बाई म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

"स्वरदा दीदीचं मटेरियल खोटं नाही, मॅडम."

"मी कुठं म्हणते खोटं आहे?"

"वाघाडे सर म्हणून राहिले. सगळे म्हणून राहिले. पण ते खरं आहे. ते चालते."

"बस इथं."

"मले बस आहे मॅडम, निघू?"

बाईंनी तिला जाऊ दिलं. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते कळेना, आणि बाहेर स्वरदा थांबली होती.

स्वरदाचे डोळे सुजलेले होते. बाईंनी तिला व्हिडिओ दाखवला, काळा कागद दाखवला. "तू खोटी नाहीस, हे आता मी सिद्ध करू शकते. कोणीतरी तुझी पावडर बदलली. कोणी, ते मी पाहीन. तू एक काम कर. उद्याच्या उद्या नवीन बॅच बनव. सोमवारी वाघाडे सरांच्या समोर ठेवू. समिती नाही अन् काही नाही."

ज्या मुलीला नुकतीच फाशीतून सूट मिळाली, तिचा चेहरा उजळायला हवा होता. स्वरदा पांढरीफटक पडली.

"नवीन बॅच?"

"हो. सगळं सामान आहे. स्नेहल मदत करीन."

"नाही मॅडम."

"काय नाही?"

"मी नाही बनवू शकत." तिनं पर्स उचलली. "समितीकडे जाऊ द्या प्रकरण. मले नको पीएचडी."

आणि बाईंनी हाक मारेपर्यंत ती जिन्यानं खाली गेलीसुद्धा.

५

शनिवारी कौमुदीबाई गाडी घेऊन अभनपूरला निघाल्या. गाडी चालवताना त्यांचं डोकं बरं चालत असे. घरी फोन, विभागात फायली. गाडीत कुणी येत नव्हतं.

पावडर दोघींपैकी एकीनं बदलली. स्वरदानं? तिचं वागणं संशयास्पद होतं खरं. पण समोर प्रयोग करायचा हट्ट तिचाच. बाई तर नको म्हणत होत्या. स्वतःच्या हातानं बाटलीत निकामी पावडर भरायची, आणि मग तीच बाटली घेऊन तज्ज्ञांसमोर उभं राहायचं? असं कोण करील? टेबलावर पावडर सांडणारा तिचा गोंधळ खोटा नव्हता. बाटलीत काय आहे ते तिला माहीत नव्हतं.

मग उरली स्नेहल.

आणि तिथंच त्यांना कालचा खटका सापडला. जिला वर्षभर ती पावडर एकदाही जमली नाही, तिनं सर्वांत आधी शंका घ्यायला हवी होती. 'मले तर वाटतच होतं' म्हणायला हवं होतं. खुद्द बाईंच्या मनात क्षणभर शंका आली होती. आणि स्नेहल छातीठोकपणे सांगत होती, ते चालते. कशावरून? सेमिनारमध्ये तर चाललं नव्हतं. एवढी खात्री त्यालाच असेल, ज्यानं खरी पावडर स्वतःच्या हातानं वापरून पाहिली आहे.

स्नेहल अंगणात कपडे वाळत घालत होती. मॅडमना दारात पाहून तिच्या हातातली बादली सुटली.

"बाटलीतली पावडर कुठं आहे, स्नेहल?"

तिनं नाकारलं नाही. आत गेली आणि एक छोटी डबी घेऊन आली.

"मी चोरली नाही मॅडम. तपासायला नेली होती."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असती तुम्ही?" स्नेहल पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत होती. "दीदीनं कधी हात लावू दिला नाही त्या बाटलीले. तुम्ही म्हणता हात साफ ठेव. वर्षभर मी हात धूऊन राहिली मॅडम. मग वाटलं, एकदा खरी पावडर तर पाहावं काय आहे. दीदीच्या बाटलीत माही भरली, अन् तिची घेऊन गेली. आधी मीटरवर लावून पाहिली. माह्या हातून आकडा झपकन खाली आला. माहाच हात, तेच मीटर." तिनं डबी मुठीत घट्ट धरली. "मी तिथंच बसून रडली. म्हणलं, माहा हात खराब नव्हता."

"मग?"

"मग भिलाईले माही मैत्रीण आहे, पायल. तिच्या संस्थेत मोठी मशीन आहे, कशात काय काय आहे ते दाखवते. तिच्याजवळ दिली. सेमिनारच्या आत परत ठेवणार होती. पण तुम्ही सेमिनारच अलीकडे घेतला. पावडर भिलाईत अन् दीदी स्टेजवर."

"तेव्हा तरी सांगायचं होतं!"

"सांगायलेच आली होती सकाळी. तुम्ही म्हणल्या, नंतर ये."

अंगणातल्या तारेवरून पाणी ठिबकत होतं. बाईंनी पडलेली बादली उचलून ठेवली. राग होता, पण तो नेमका कुणावर काढावा ते ठरेना.

"मशीननं काय दाखवलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काल रात्री पायल डबी अन् रिपोर्ट देऊन गेली. सिलिका तर आहेच. पण तिच्यात ॲल्युमिनियम आहे मॅडम. चिक्कार. माह्या पावडरीत नावालेही नाही. फ्लोराइड सिलिका नाही खेचत, ते ॲल्युमिनियम खेचते. पण दीदीच्या पद्धतीत ॲल्युमिनियम टाकायचं कुठं लिहिलंच नाही. आलं कुठून?"

बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. तुसाची राख कॉस्टिक सोड्यात उकळायची, मग ॲसिड घालून पावडर वेगळी काढायची. एवढीच पद्धत. सगळं काचेच्या भांड्यात. काच ॲल्युमिनियम देत नाही. पण उकळता सोडा ॲल्युमिनियमला मात्र साखरेसारखा विरघळवतो, हे तर त्या बीएस्सीच्या पोरांना शिकवत आल्या होत्या.

प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमचं भांडं नव्हतंच. ते असतं स्वयंपाकघरात.

"चप्पल घाल," त्या उठून म्हणाल्या. "गुढियारीले जायचं आहे."

६

स्वरदाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. घर रायपुरातल्याच गुढियारी भागात, मालधक्क्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. वडील बाहेर गेले होते. दार तिच्या आईनं, कमलाताईंनी उघडलं.

"या मॅडम, या. पोट्टी कालपासून जेवली नाही पहा. खोलीतून बाहेर येत नाही. काय झालं कॉलेजात?"

"सांगते. आधी मले एक सांगा कमलाताई. स्वरदानं कधी घरी काही उकळलं होतं का? राख वगैरे?"

कमलाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "उकळलं होतं म्हणजे! तुमच्या कॉलेजचं छप्पर दुरुस्त करून राहिले होते ना तेव्हा, सगळं बंद होतं. तर इथं गॅसवर मांडलं तिनं. नाकात नुसता भपकारा. अन् माहा एवढा मोठा जर्मनचा गंज, गोल बाजारातून निवडून आणला होता, त्याची चाळणी करून टाकली बाई. बुडाले भोकं! मी म्हणलं, तू राख शिजवून राहिली का माहा गंज शिजवून राहिली?"

स्नेहलनं मॅडमकडे पाहिलं. गंज म्हणजे पातेलं, आणि जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. या घरांमधून त्या धातूला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नसे.

खोलीचं दार उघडून स्वरदा बाहेर आली. स्नेहलच्या हातातली डबी तिला दिसली आणि ती भिंतीला टेकली.

"पहिली बॅच घरी केलीस," बाई म्हणाल्या. "आणि प्रबंधात लिहिलंस, काचेच्या बीकरमध्ये, प्रयोगशाळेत."

"तुम्ही रोज फोन करत होत्या मॅडम. बॅच झाली का, बॅच झाली का. प्रगतीचा अहवाल द्यायचा होता. लॅब बंद आहे म्हणलं तर तुम्ही म्हणल्या, कारणं सांगू नको. मग केली घरी. एकदाच, खूप सारी. अन् ती इतकी चांगली निघाली! तुम्ही सगळ्याईले सांगत सुटल्या. मग कसं सांगू की किचनमध्ये केली?"

"आणि नंतरच्या बॅच?"

"एकही नाही चालली." स्वरदाचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "लॅबमध्ये पुन्हा पुन्हा केली. मले वाटलं तूस वेगळं असन. मग मी पहिल्या बॅचवरच सगळे प्रयोग केले. जपून जपून वापरली. बाटलीत आहे तेवढ्यात पीएचडी होऊन जाईन म्हणलं."

"अन् मी?" स्नेहल म्हणाली.

बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.

"मी दर महिन्याले तुमच्याजवळ येत होती दीदी. तुम्ही म्हणायच्या, हात बसावा लागते. तुम्हाले माहीत होतं, नाही जमत म्हणून. तुमच्यानंच नव्हती जमत! मी घरी जाऊन बाबाले सांगितलं होतं, मले अक्कलच नाही, शिक्षण सोडते म्हणून."

स्वरदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कमलाताई एकदा लेकीकडे, एकदा या अनोळखी मुलीकडे पाहत राहिल्या. त्यांना रसायन कळलं नाही, पण आपल्या पोरीनं काय केलं ते कळलं. त्या उठल्या आणि स्नेहलला पाणी आणून दिलं. आपल्या मुलीला त्यांनी विचारलं नाही.

७

सोमवारी प्रयोगशाळेत पावडर स्नेहलनं बनवली. या वेळी काचेच्या बीकरमध्ये, उकळत्या सोड्यात ॲल्युमिनियमचे तुकडे मोजून टाकले. शेजारच्या बीकरमध्ये तीच राख, तुकड्यांशिवाय. सुशीलनं मीटर मांडलं. वाघाडे सर खुर्ची ओढून जवळ बसले.

पहिली पावडर पाण्यात गेली आणि पाहता पाहता खाली बसली. आकडा घसरत गेला. दुसऱ्या बीकरमधलं पाणी पांढुरकंच राहिलं.

"म्हणजे पोट्टीचे आकडे खरे होते," सर म्हणाले.

"आकडे खरे होते. पद्धत खोटी लिहिली होती." बाईंनी सगळं सांगितलं. घरची बॅच, प्रबंधातलं खोटं वाक्य, स्नेहलनं न विचारता बदललेली पावडर. कुणाचंही झाकलं नाही. "लेखी आणलं आहे, सर. समितीकडे पाठवायचं असेल तर पाठवा. छापलेल्या पेपरमध्ये दुरुस्ती मी आजच कळवते आहे."

सरांनी दुसरं बीकर उचलून उजेडात धरलं. नेहमीचा मऊ आवाज त्यांना सापडला नसावा. "दुरुस्ती करा," ते म्हणाले. "लेखी माझ्याजवळ राहू द्या."

स्वरदाचा प्रबंध जमा होणं लांबलं. त्यातलं पद्धतीचं प्रकरण मुळापासून लिहायचं होतं, खऱ्या भांड्यासकट. पुण्याच्या जागेनं थांबायला नकार दिला. तिनं स्नेहलची माफी मागितली, सगळ्यांसमोर, आणि स्नेहलनं ती ऐकून घेतली. दिली की नाही ते कुणाला कळलं नाही. स्नेहललाही लेखी समज मिळाली. नव्या पेपरवर पहिलं नाव तिचं जाणार होतं. पावडरीचं गुपित तिनं शोधलं होतं, हे आता वाघाडे सरही चारचौघांत सांगत.

त्याच आठवड्यात एका दुपारी भार्गव येऊन आपलं प्रकरण घेऊन गेला. पानोपानी लाल शाईच्या खुणा होत्या. तो "थैंक यू मैडम" म्हणाला, पण चेहऱ्यावर विश्वास बसल्याचं दिसत नव्हतं.

त्याच्या मागून स्नेहल आली. हातात एक कागद.

"मॅडम, मले गाइड बदलायचा आहे."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आता? आता तर तुझं काम मार्गी लागलं. पहिलं नाव तुझं आहे. काहून?"

स्नेहलनं हे आधीच पाठ करून आणलेलं असावं, कारण ती थांबली नाही. "एक वर्ष माही बॅच जमत नव्हती. तुम्ही मले रागावल्या, समजावलं, पुन्हा रागावल्या. पण काय करून राहिली, कसं करून राहिली, हे एकदाही विचारलं नाही मॅडम. त्या शनिवारी पहिल्यांदा विचारलं. अन् ते बी चोर शोधायसाठी."

कौमुदीबाईंच्या ओठांवर उत्तरं आली. विभागाच्या मीटिंगा, फायली, बाकीचे विद्यार्थी, छपराची दुरुस्ती. सगळी खरी होती. त्यांनी ती गिळली. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थ्यांकडून अशीच कारणं ऐकली होती आणि एकही मानलं नव्हतं.

त्यांनी कागद घेतला, पेन काढलं आणि खाली सही केली.

"कोणाकडे जायचं ते तू ठरव. मी कोणाशीही बोलेन." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "गाइड म्हणून नाही विचारत आता. पण तुले वेळ असेल तर सांग. वर्षभर काय काय केलंस?"

स्नेहल कागद हातात घेऊन उभी राहिली. दाराकडे पाहिलं. मग परत बाईंकडे.

"पहिल्या बॅचपासून?"

"पहिल्या बॅचपासून."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली.